दोन पावलं मागे

४ जानेवारी

गेटला कुलूप! आणि तेही माझ्या घराच्या! हर्षाली फोनवर कुणाला तरी सांगत होती – "आतून उघडता येणार नाही असं बसवा." विचारलं तर म्हणते, "चोऱ्या वाढल्यात, बाबा." मुलगी बँकेत एवढी मोठी साहेब झाली, पण खोटं बोलायला अजून कच्चीच.

अठ्ठ्याहत्तर साली या नाशकात मनोरुग्णांचा दवाखाना काढला, तेव्हा लोक घरच्या माणसाला खाटेला बांधून आणायचे. मी पहिलं काम काय केलं? खोल्यांच्या बाहेरच्या कड्या उखडल्या. बावीस कड्या! उखडणारा मिस्त्री म्हणाला होता, "डॉक्टर, पेशंट नक्की कोण आहे?"

आणि माझ्या दाराला कुलूप? बघतोच.

७ जानेवारी

चष्मा फ्रिजमध्ये सापडला, दह्याशेजारी. मी हसलो. हर्षाली हसली नाही.

१२ जानेवारी

कुलूप बसलं नाही. जिंकलो! कशी काय नरमली कोण जाणे.

चार दिवस झाले, झिपरू रोज येतोय. माझा पहिला वॉर्डबॉय – आता त्र्याहत्तरचा आहे! "घरी बसून लय कंटाळा येतो, डॉक्टर," म्हणतो. मलाही बरं वाटतं.

त्याला सगळं मीच शिकवलं. पेशंट बाहेर निघाला तर अडवायचं नाही. हात धरायचा नाही. दोन पावलं मागे चालायचं. दमला की चहा विचारायचा आणि मग हळूच, "घरी जायचं का?"

चिमणाबाई नावाच्या एक पेशंट एकदा भर उन्हात वणीच्या रस्त्याला लागल्या. देवीनं बोलावलंय म्हणे! झिपरू थेट दिंडोरीपर्यंत मागे. संध्याकाळी दोघं टोमॅटोच्या टेम्पोतून परत. बाई वर्षभरात बऱ्या होऊन आपल्या मळ्यात गेल्या. पुढे कितीतरी वर्षं मेथीच्या जुड्या पाठवायच्या. माझ्या पद्धतीला मुंबईचे मोठे डॉक्टर आधी हसले, नंतर वह्या घेऊन बघायला आले. छाती फुगते माझी, खोटं कशाला बोलू!

२० जानेवारी

झिपरूबरोबर फिरायला गेलो. म्हातारा झाला बिचारा, सारखा मागे पडतो. मी थांबलो की तोही थांबतो. त्याला गुडघ्याचं औषध लिहून द्यायला हवं.

२८ जानेवारी

औषध लिहून दिलं. झिपरू म्हणाला, "हे तिसऱ्यांदा दिलं, डॉक्टर." काहीतरीच!

२ फेब्रुवारी

नाशिक रोड स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. पायात दोन वेगवेगळ्या चपला. इथे कसा आलो, आठवेना. घर कुठे, तेही आठवेना.

मागून आवाज आला, "डॉक्टर, चहा घ्यायचा का?"

घेतला. कप ठेवल्यावर झिपरू हळूच म्हणाला, "घरी जायचं का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. त्यानं मान खाली घातली.

"कुलूप तू बसवू दिलं नाहीस?"

"हर्षालीताईला म्हटलं, कुलूप नको. मी हाय ना."

उद्या हे आठवेल की नाही, माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी शिकवलेलं बरोबर होतं. परतताना झिपरू पूर्ण रस्ता दोन पावलं मागे होता. एकदाही हात धरला नाही.

शेवटच्या वळणावर मीच थांबून त्याचा धरला.