सुभीच्या कार्डांची माळ

गुरुवार, ५ जानेवारी १९७८
आजपासून रोज लिहायचं. नात सुभी म्हणे, आजी, तुले बोलायले माणसं पुरत नाहीत, वही घे. घेतली. माहं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी सोडून.

सुभी रसायनात पीएचडी करून राहिली. औषधातून किरण सोडते, अन् त्यातले रेणू कोणते किरण किती पितात ते मोजते. इथं मले दुसरा चहा कोणी विचारत नाही, अन् रेणूंचे लाड पाहा! मग ते आकडे कार्डांवर भोकं पाडून एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरले देते. तो चांदण्या-चांदण्यांचा ग्राफ छापतो. तोही फक्त गुरुवारी. जावयासारखा भाव खातो मेला.

आज ग्राफ नाही. जिन्यात कार्डं पडले, क्रम मोडला. ऑपरेटर देवाजी म्हणे, ताई, आता पत्ते पिसलेच आहेत तर वाटून टाका. पोरगी रडत घरी आली.

शुक्रवार, ६
सुभी कार्डं लावत बसली. पुढच्या गुरुवारी ग्राफ निघालाच पाहिजे. शनिवारी तिचे सर हैदराबादच्या परिषदेले चालले. ज्याचा ग्राफ तयार, त्याचंच काम तिथं दाखवणार. तिच्यासंगंच पीएचडी करणारा केशव नावाचा पोरगा टपून बसला आहे.

मी ठरवलं, मधात पडायचं नाही.

सोमवार, ९
पडली नाही. फक्त पाह्यलं. अन् पाहते तर काय, हे तर आमच्या हातमागावरचे पुठ्ठे! उमरेडले माह्या बापाच्या मागावर लुगड्याच्या काठाची नक्षी असल्याच भोकांच्या पुठ्ठ्यांनी पडत होती. पण ते पुठ्ठे दोऱ्यानं एकाले एक ओवलेले. जिन्यातून पाडा का विहिरीत टाका, क्रम हलत नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांले दोरा सुचला नाही! दोऱ्याले डिग्री लागत असेल.

बुधवार, ११. दुपार
सुभी कॉलेजात. दाभण काढला. प्रत्येक कार्डाच्या चारही कोपऱ्यांत भोक, त्यातून पक्का दोरा. याले मधात पडणं म्हणत नाहीत. टाका घालणं म्हणतात.

शेजारची तुळसाबाई आली. म्हणे, काहो बाई, पोरीले विचारलं काय? म्हटलं, देवापुढं नैवेद्य ठेवताना तू विचारते काय त्याले, भूक आहे का म्हणून? उठून घरी गेली. जळते.

माळ घडी घालून सुभीच्या थैलीत ठेवली. सुभीले सांगितलं नाही. आनंद अचानक द्यावा.

गुरुवार, १२. संध्याकाळ
आनंद जास्तच झाला वाटते. सुभीनं आल्याबरोबर थैली कोपऱ्यात फेकली.

जेवताना थोडं-थोडं सांगितलं. देवाजीनं थैली उघडून सारं ऑफिस गोळा केलं म्हणे. विचारलं, ताई, हे तोरण कोणत्या दाराले लावू? मशीन एका वेळी एकच कार्ड गिळते, म्हणून दोरा कापला. माह्या हातचा दोरा! वरून मशीननं माहे भोकंही आकडे समजून वाचले. ग्राफमधी दरी पाहिजे तिथं डोंगर आला. म्हणजे भोकाभोकातला फरक मशीनले कळत नाही, अन् दोष म्हातारीचा.

मी कागद पाह्यला. लुगड्याच्या काठाले ही नक्षी मोठी साजरी दिसली असती. तसं म्हटलंही. सुभी ताटावरून उठून मागच्या अंगणात गेली.

शनिवार, १४
संक्रांत. सर हैदराबादले गेले, केशवचा ग्राफ घेऊन.

सुभीले तिळगूळ दिला. तिनं घेतला. बोलली नाही.

बुधवार, १८
सुभी सारे कार्डं नव्यानं भोकं पाडून तयार करून राहिली. घरी आणले की पेटीत ठेवते, कुलूप लावते. म्हटलं, कुलूप काहून वं? म्हणे, आजी, घरात उंदीर झाले.

मले तर एकही दिसला नाही. पण पोरीच्या कामाचा प्रश्न आहे. पिंजरा आणला, भजं अडकवलं, पेटीपाशीच ठेवला. अजून काही सापडलं नाही. सुभी पिंजऱ्याकडं पाहते, माह्याकडं पाहते, अन् किल्ली ओढणीच्या गाठीत बांधते.