मुशीचं तेल आणि चार वर्षांची वॉरंटी

गुरुवार, १ ऑक्टोबर १९९८. दसरा

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे. वॉर्डात आयुष्य गेलं. कुणी पडलं, कुणी दगावलं, कुणी डॉक्टरवर हात उगारला, की आधी वेळ लिहायची, मग बोलायचं. तर अकरा वीसला, बोईसरच्या गाड्यांच्या एजन्सीत, टाय लावलेल्या एका इसमाने मला हसतहसत मारून टाकलं!

नवी गाडी आणायला गेले होते. पांढरी, छोटी. बरोबर लाडकी, माझ्याच घरात राहते ती. चाव्या हातात आल्या, पेढा झाला, लाडकीने पुढच्या चाकाशी नारळ फोडला. मग मीच विचारलं — ती वाढीव वॉरंटी म्हणतात ती काय भानगड आहे?

"आजी, एक वर्षाची गाडीबरोबर येतेच. जास्तीचे पैसे भरले की चार वर्षं. पण तुम्हाला कशाला? तुमच्या वयाला एक वर्ष भरपूर झालं."

भरपूर! पंगतीत वाढप्याला सांगतात तसं.

मी सहासष्ट वर्षांची आहे. दात माझे आहेत. मेट्रन म्हणून निवृत्त झाले, खुर्चीला चिकटून नाही. एकाहत्तर साली हॉस्पिटलचा ड्रायव्हर दारू पिऊन पडला तेव्हा भर पावसात मासवणहून अडलेली बाळंतीण मी स्वतः गाडी चालवून आणली. दोन्ही जीव वाचले. त्या वेळी हा टायवाला दुपट्यात असेल.

"विचार करायला एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे," म्हणाला.

"तोवर टिकेन मी," म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं, आजी विनोदी आहेत.

येताना लाडकी मागे, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. खवळलेल्या समुद्रात होडीची कड धरावी तशी. "बाय, जरा हळू हाका. मना अजून जगायचा हाय." चला, गाडीत एकीला तरी!

शुक्रवार, २ ऑक्टोबर

वॉरंटीची पुस्तिका वाचली. सबंध. इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी. एजन्सीत एकानेही वाचलेली नसणार, पैज लावते. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, सही करण्याआधी तळटीप वाच. तिथेच सैतान बसलेला असतो.

तर टायर नाही. बॅटरी नाही. काच नाही. रबर नाही. "देवाची करणी" नाही. आमच्या सिस्टर जगातलं सगळं चांगलं देवाच्या नावावर मांडायच्या. हे लोक फक्त वाईट तेवढं त्याच्या नावावर घालतात. आणि मग अकरावं कलम — समुद्राच्या खाऱ्या हवेने आलेला गंज नाही!

चिंचणीत गाडीला दुसरं होणार आहे काय? इथे दाराची कडी गंजते, विळी गंजते, खिडकीचे गज पाच वर्षांत हातात येतात. हटकून होणार त्याची हमी नाही. होणार नाही त्याची चार वर्षं.

लाडकीला मराठीत सांगितलं.

"मंग गंजाचा कोन बघनार?"

"कुणी नाही."

"असा कसा कोनी नाय?" एवढंच म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला बसली.

रविवार, ४ ऑक्टोबर

आत्माराम येऊन गेला. माझ्या गेलेल्या बहिणीचा मुलगा. बोरिवलीला असतो, बँकेत. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाने टोचलं. पुरुष असं का करतात, मला आजवर कळलेलं नाही.

"मावशी, गाडी घेतलीस ती घेतलीस. पण वॉरंटीत पैसे घालू नकोस. वर्षभरात आपण इथलं आवरतोच आहोत."

आपण!

बोलत राहिला. बोईसरच्या कंपन्यांतले साहेब लोक समुद्राकडे घरं बघतायत. माझ्या घराला गिऱ्हाईक हा हा म्हणता मिळेल. मी बोरिवलीला. लिफ्ट आहे, हॉस्पिटल समोर आहे. वर्षाची गाडी विकली की किंमत बरी येते. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडलीस ते विसरलीस काय?

विसरले नाही. उजवं मनगट अजून थंडीत ठणकतं. आणि त्याची बायको चांगली आहे, जेवायला प्रेमाने वाढते. म्हणून मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

"आणि लाडकी?" विचारलं.

"तिला मुरब्याला भाऊ आहे ना?"

आहे. भाऊ आहे, भावजय आहे, त्यांचं घर आहे. लाडकीचं काय आहे? नवरा तिशीत समुद्रात गेला, मूल नाही. माझ्या वॉर्डात आया होती. मी निवृत्त झाले त्याच वर्षी तीही झाली, आणि "थोडे दिवस येते" म्हणून बोचकं घेऊन आली. आठ वर्षं झाली. आम्ही रोज भांडतो.

जाताना आत्माराम अंगणात तिच्याशी काहीतरी बोलत उभा होता. पाणी मागत असेल.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

आज वॉरंटीवरच विचार. पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न असा की चार वर्षांची सही करायची म्हणजे चार वर्षं इथे, या रस्त्यांवर, मी गाडी चालवणार असं म्हणायचं. तसं मला म्हणायचं आहे का?

ऑपरेशनला जाताना काही पेशंट चपला कॉटखाली नीट जोडून ठेवायला सांगत. "आल्यावर लागतील." काही जण घरी पाठवून देत. पहिल्या जातीचे सगळे वाचत असं नाही. पण आम्ही नर्सेस त्यांच्या चपलांना पाय लागू देत नसू.

बुधवार, ७ ऑक्टोबर

सकाळी गाडीखाली तीन मांजरं. दुपारी पाच. "सावली हाय ना," लाडकी म्हणते. अंगणात एवढा आंबा असताना? गाडीला वासही येतोय. "नव्या गाडीला येतो वास," — हिने आजवर किती नव्या गाड्या पाहिल्या देव जाणे!

गुरुवार, ८ ऑक्टोबर

काय लिहू!

बोईसरला निघाले. तारापूर मागे पडलं आणि मासळीचा वास सुरू झाला. म्हटलं, बाजूने टेम्पो गेला असेल. पुढे वास तळणाचा झाला. बोईसरच्या रेल्वे फाटकाशी गाड्यांच्या रांगेत थांबले, तर माझ्या गाडीखालून पांढरा धूर! भसाभसा! कंपनीतून सुटलेली माणसं सायकली धरून उभी. एकजण ओरडला, "अरे मौसी, मछली जल रही है!" दुसरा म्हणाला, "जल नहीं रही, फ्राय हो रही है!" सगळं फाटक हसलं. रिक्षावाल्याने विचारलं, प्लेट कितीला.

ढकलत एजन्सीत. मेकॅनिक खाली शिरला तो नाक धरूनच बाहेर आला. "मॅडम, ये किसने लगाया? पूरी नाव बना दी गाड़ी की!"

मुशीचं तेल, शार्क माशाचं. नवी होडी पाण्यात घालण्याआधी कोळी लाकडाला चोपडतात ते. गाडीच्या पोटाला, एक इंच न सोडता. सायलेन्सर तापला आणि तेल तळायला लागलं. रबरी तुकडे ओल्या पावासारखे फुगलेत.

मग मॅनेजर आला. गाडीला बाहेरचा लेप लावला, म्हणे. वाढीव वॉरंटी आता देता येणार नाही.

मी ती मागितली तरी होती का? पण नाकारणारे हे कोण!

"कुठल्या कलमाखाली? लेखी द्या."

"मॅडम, सांगतोय ना तोंडी."

"तोंडी सांगण्यावर मी कधी कुणाला इंजेक्शन टोचलं नाही. लेखी द्या."

दिलं नाही. गाडी धुऊन दिली. वास आहेच.

घरी आले. लाडकीने लपवलं नाही. "व्हय, मीच लावला. सोमवारी तुमी पोस्टात गेलाव तवा. भावाच्या पोराकडून, रामूकडून डबा मागवला. गोनपाट घालून खाली निजले नि काठीला फडका बांधून लावला." साठी उलटलेली बाई! गाडीखाली!

मी खूप बोलले. शेवटी म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावू नये, एवढं तुला कळत नाही?"

ती उठून आत गेली. न भांडता!

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

लाडकी मुरब्याला गेली. सकाळी, बोचकं घेऊन, एसटीने. चहा करून झाकून ठेवला होता.

रविवार, ११ ऑक्टोबर

घर शांत आहे. शांतता मला आवडते असं मी चाळीस वर्षं सांगत आले.

आत्मारामचा फोन. गिऱ्हाईक मिळालंय, पुढच्या रविवारी बघायला आणतो. "आणि बरं झालं मावशी, तो लाडकीचा प्रश्न आपोआप सुटला."

मी त्याला लाडकी गेल्याचं अजून सांगितलेलंच नव्हतं.

विचारलं, तुला कसं कळलं? "तिचा भाऊ म्हणाला फोनवर. नाही म्हणजे... मी त्या दिवशी तिला सुचवलं होतं, आतापासून मुरब्याला बघून ठेव. शहाणी आहे, समजली."

म्हणजे अंगणात पाणी मागत नव्हता. आणि हे रविवारी. तेल लावलं सोमवारी. मला इथून जायचंय हे ऐकून दुसऱ्या दिवशी तिने गाडीला तेल लावलं! का? सूड? लाडकी सूड घेते ती आमटीत मीठ जास्त घालून. दुपारभर डोकं चाललं नाही.

सोमवार, १२ ऑक्टोबर

गाडी काढली. नांदगाव, आलेवाडी करत मुरबे. काचा खाली. तेलाचा वास कमी झालाय, की मला सवय झाली?

बांबूंवर बोंबील वाळत होते, खाली बायका जवळा पसरत होत्या. भावजय सोजराबाईने आधी पाहिलं. "आल्या गो, गाडीवाल्या बाय आल्या! नाक दाबून बसा, आता आमचाच वास यायचा त्यांना!" सगळ्या हसल्या. लाडकी हसली नाही. जवळ्यातून खेकडे वेचत राहिली.

मी तिच्यासमोर, तिथेच, वाळूत बसले. कॉटनची पांढरी साडी. असू दे.

"मला जायचंय हे तुला कळलं होतं. मग तेल कशाला लावलंस?"

"कोन म्हनतो जायचा हाय? तुमी बोल्लाव?"

"नाही."

"मंग? त्यो बोल्ला. तुमी नाय बोल्लाव. तुमच्या तोंडचा नाय ते मी कशाला धरू? वॉर्डात तुमीच शिकवलाव."

तिचं चालूच — "जानारा मानूस होडीला तेल लावत नाय, बाय. इकून टाकतो. ऱ्हानारा लावतो. त्या कागदात गंजाला कोनी नाय म्हनालाव. मी म्हटला, मी हाय. दर वरसाला लावीन. धा वरसा गाडीला काय होत नाय."

"रबर फुगलं!"

"होडीला रबर कुठं असतो? मना काय ठावं!"

एजन्सीच्या टायवाल्याने मला एक वर्ष दिलं. आत्मारामनेही एकच. ही बाई गोणपाटावर उताणी पडून, डोळ्यांत तेल गळत, मला दहा वर्षं देत होती. आणि मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू.

"चल," म्हटलं.

"कुठं? बोरवलीला?"

"चिंचणीला. दूध उतू गेलंय कालपासून तीनदा."

"नि पुना कोनी बोल्ला तर?"

माझ्याकडे उत्तर तोंडी होतं, लेखी नव्हतं. ती बोचकं आणायला उठली. पण सगळं नाही आणलं. अर्धं भावाकडेच ठेवलं. मी पाहिलं.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

एजन्सी. लाडकी बरोबर, नऊवारी, केसांत अबोली. टायवाल्याने आम्हाला पाहून आधी खिडकी उघडली.

मॅनेजरसमोर पुस्तिका ठेवली. गंज तुम्ही भरून देत नाही; मग गंजावर आम्ही काय लावतो याच्याशी तुमचा संबंध काय? रबर तुम्ही भरून देत नाही. ते मी पदरच्या पैशांनी बदलून घेतलं आहे. आता नकार लेखी द्या, खाली सही, शिक्का. मी बसले आहे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. मग म्हणाला, मॅडम, पुन्हा तेल लावणार नाही ना? मी लाडकीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. म्हणाली, "सायलेन्सरला नाय लावनार."

सही केली. चार वर्षं. दोन हजार दोन सालच्या दसऱ्यापर्यंत.

टायवाला म्हणाला, "अभिनंदन, आजी."

"चौथ्या वर्षी येईन तेव्हा तुम्ही इथेच असाल का? तुमची काही वॉरंटी?"

लाडकी बोईसरभर हसत होती. घरी आल्यावर मात्र बोचकं तसंच, बांधलेलं, खाटेखाली. गाडीचं झालं. तिचं नाही.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

आत्मारामला रजिस्टर्ड पत्र टाकलं. नक्कल इथे:

"चि. आत्माराम, रविवारी गिऱ्हाईक आणू नये. घर विकायचं नाही. आज सकाळी वकिलांकडे मृत्युपत्र केलं. माझ्यामागे घर आणि गाडी लाडकीची. तुझी हरकत असेल तर एकतीस ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोंडी चालणार नाही. — मावशी."