चिठ्ठीतला माणूस

३, मंगळवार

डब्यातली शेवटची चिठ्ठी माझ्या वाट्याला. आमच्या प्रार्थनागटाचा हा नियम — जे आपल्याविरुद्ध उभे आहेत, त्यांच्यातल्या एकेकासाठी महिनाभर रोज सकाळी प्रार्थना करायची. चिठ्ठीवर नाव नसतं, फक्त काम. नाव कळलं की राग त्यालाच चिकटून बसतो, असं गट चालवणाऱ्या नर्सबाई म्हणतात. शेजारणीला बुलडोझरवाला आला. मला आला 'ओढ्याकाठच्या वस्तीत पाऊलही न टाकता "जागा रिकामी" असा अहवाल लिहिणारा'. त्याच्यासाठी मागायचं काय, तेही खाली लिहिलेलं : सव्वीसच्या सुनावणीत खरं बोलायचं धैर्य.

रिकामी म्हणे. चाळीस घरं आहेत तिथे, तीच पाडायला निघालेत. त्यातलं एक आमच्या गटातल्या इस्त्रीवाल्या मावशींचं.

४, बुधवार

सकाळी सातला बसले. देवा, त्याला धैर्य दे, म्हटलं. लगेच मनात आलं, त्याआधी दोन थोबाडीत दे. उठले.

५, गुरुवार

अहवाल मोजणी खात्याचा आणि दादा तिथेच कामाला, म्हणून त्याला विचारलं, असला महाभाग तुमच्यात कोण? "ऑफिसचं ऑफिसात. जेव तू." वहिनीला आठवा लागलाय, तिच्यासमोर वाद नको म्हणून जेवायला बसले.

११, बुधवार

चिठ्ठीतल्या माणसाला आता चेहरा आलाय. टक्कल, पित्ताचा त्रास, टाचा झिजलेले बूट. वरून कोणी दम दिला असेल. घरी माणसं असतील खाणारी. आज चक्क त्याची कीव आली.

मग मावशींकडे गेले. त्या भांडी बांधून ठेवत होत्या, आयत्या वेळी धावपळ नको म्हणून. माझी मलाच लाज वाटली. मी नक्की कोणाच्या बाजूची? नर्सबाईंना विचारलं. म्हणाल्या, "दोघांच्या." एवढं तर मीही सांगितलं असतं.

१७, मंगळवार

मोजणी खात्याच्या फाटकासमोर तासभर मौन. मावशींचा डोळा लागला आणि त्या घोरायला लागल्या. घोरणं म्हणजे मौन मोडणं की नाही, यावर नंतर अर्धा तास वाद!

दादा मागच्या दाराने बाहेर पडताना दिसला. माझ्याकडे बघितलंही नाही. बहीण रस्त्यावर बसते याची लाज वाटत असणार. वाटू दे.

२४, मंगळवार

वस्तीची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई अहवालाची प्रत घेऊन आमच्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या. गटासाठी चाळीस प्रती हव्या होत्या. कागद काचेवर ठेवला आणि हात थांबला. वर वर चढत जाणाऱ्या ओळी. सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ. लहानपणी याच अक्षरात माझ्या वह्यांवर नाव घातलेलं असायचं. खाली सही — दादाची.

चाळीस वेळा तो कागद माझ्यासमोर बाहेर आला. "जरा फिकट आलंय का?" वकीलबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

२५, बुधवार

सात वाजता बसले. देवा, त्याला उद्या गप्प राहू दे. खरंच असं मागितलं. मागचं सगळं रद्द समज, असंही म्हटलं. मग मावशींची बांधलेली भांडी आठवली आणि उठले.

ऑफिसला निघालेल्या दादासमोर चिठ्ठी ठेवली. त्याने ती दोनदा वाचली. "साहेब म्हणाले, जायची गरज नाही, लिहून टाक. टाकलं लिहून." मग बूट घालता घालता, खाली मान घालून : "उद्या बोललो तर नोकरी जाईल. तू सांग, बोलू?"

तीन आठवडे याच माणसासाठी तोंड वाजवत होते. आता तो समोर बसून विचारतोय, तर मी काय म्हणावं? म्हटलं, "वहिनीच्या गोळ्या संपल्यात, येताना आण."

२६, गुरुवार

सुनावणी. वकीलबाईंनी दादाला विचारलं, तेव्हा मी मनात घोकत होते — बस खाली, बस खाली. तो उभाच राहिला. "मी तिथे गेलोच नव्हतो," म्हणाला.

एकवीस दिवसांचं ऐकलंस, देवा. कालचं नाही ऐकलंस.