लाल खडूतलं नाव

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल तुझ्या रक्तपेढीची गाडी आमच्या कारखान्यातून बासष्ट पिशव्या घेऊन गेली, हे तुला कळलंच असेल. गेल्या वर्षी तेवीस होत्या. तेव्हा तू हसली होतीस, की एवढे धट्टेकट्टे लोक दिवसभर खोकी बनवतात आणि सुई पाहून पळतात. आता बोल.

युक्ती माझी. शिबिराच्या आधीच फाटकावर फळा टांगला. रक्त देणाऱ्यांची नावं पांढऱ्या खडूने, न देणाऱ्यांची लाल. देणाऱ्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी. मालक खूश. पलंगावर सगळ्यांत आधी मीच झोपलो. सुपरवायझरने मागे राहून कसं चालेल? लाल खडूत शेवटी एकच नाव उरलं, आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं. कारण विचारलं तर मान खाली घालून मशीन पुसायला लागले. कटिंग मशीनचं पातं उघड्या हाताने बदलणारा माणूस, आणि सुईला भ्यायला. पोरं त्यांना भित्री भागूबाई म्हणतात.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, यंदा त्यात चमचाभर कौतुकही घाल.

तुझा टिल्लू

५ मार्च

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

कौतुक जरा थांबवून ठेवलं आहे. हे पत्र तुमच्या खोक्यांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती लगेच पाठव. फोनवर तू विनोद करून निसटतोस, हे मला तू शाळेत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.

तुमच्या लोकांचे फॉर्म माझ्यासमोर आहेत. आजार, औषधं, ऑपरेशन, सगळ्या प्रश्नांपुढे बासष्टही जणांनी ‘नाही’वर खूण केली आहे. साठ-बासष्ट माणसं इतकी ठणठणीत मी तरी पाहिलेली नाहीत. पहिला फॉर्म तुझा. जानेवारीत तू महिनाभर पत्र लिहिलं नाहीस आणि मग थोडी कणकण होती म्हणालास. नक्की काय झालं होतं?

आम्ही रक्त तपासतो, पण तपासणीत सगळंच सापडतं असं नाही. बाकीचं देणाऱ्याने खरं सांगावं लागतं. माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला येते. तिचा गट तुझाच, फार थोड्यांचा असतो तो. परवा तिचा रक्त घ्यायचा दिवस आहे आणि तुझी पिशवी मी बाजूला काढून ठेवली आहे. ती तिला देऊ का, एवढंच सांग.

रागावलेले नाही. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि माझा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

देऊ नकोस. हिवताप होता. औषधं संपून जेमतेम पाच आठवडे झाले. फॉर्मवरचा प्रश्न मी नीट वाचला होता, त्यामुळे चुकून झालं असंही म्हणता येत नाही. मागे रांग उभी होती, शेजारी मालक होते, आणि मला माझंच नाव लाल खडूत दिसायला लागलं. खोटी खूण केली आणि वर फोटोही काढून घेतला.

आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि फळा उतरवला. ज्याने काही लपवलं असेल त्याने फक्त रक्तदानाच्या कार्डावरचा नंबर चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा, नाव नको, म्हणालो. पेटी न उघडता ड्रायव्हरकडे दिली आहे. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

लोभ मागायला तोंड नाही. असेल तेवढा ठेव.

टिल्लू

११ मार्च

चि. टिल्लूस, अ. उ. आ.

पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. तुझ्यासकट बारा पिशव्या फेकल्या. मुलीला एक दिवस थांबावं लागलं. जिना चढताना तिला धाप लागत होती. आमच्याकडे त्याच गटाच्या एक शिंपीण बाई रक्त द्यायला येतात, वर्षातून तीनदा, न बोलावता. त्यांचं नाव कुठे लागत नाही, सुट्टी मिळत नाही. एकदा खोकला होता तर पायरीवरूनच तसं सांगून परत गेल्या होत्या. त्यांना फोन केला. हातातलं शिवण टाकून आल्या. मुलगी आता बरी आहे.

माझंही ऐक. ते फॉर्म मी शिबिराच्याच संध्याकाळी पाहिले होते. तीन दिवस गप्प बसले, कारण हा माझ्या भावाचा पराक्रम म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. त्या तीन दिवसांत तुमच्यातली एक पिशवी एका रुग्णाला गेली. ती चिठ्ठीवाल्यांची नव्हती, पण त्यात माझं काही शहाणपण नाही. मोठ्या डॉक्टरांना मी हे सांगून टाकलं आहे.

तुझ्या मिस्त्रींकडे जाऊन ये. आशीर्वाद आहेतच, लाज दोघांत वाटून घेऊ.

ताई

१४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल मिस्त्रींच्या घरी गेलो. शिबिरानंतर त्यांनी कॅन्टीनमध्ये बसणं सोडलं होतं, मशीनमागे एकटेच डबा खायचे. जेवणाच्या सुट्टीतलं माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं. मला दारात पाहून त्यांनी आधी एकच विचारलं, की साहेब, तुमची पिशवी कुणाला दिली तर नाही ना.

त्यांना तरुणपणी कावीळ झाली होती, तिचा अंश रक्तात कायमचा राहिला आहे. लोक पंक्तीला बसणार नाहीत म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. आणि माझ्या हिवतापाचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. जानेवारीत मी गोदामात कुडकुडत पडलो होतो तेव्हा स्कूटरवर मागे बसवून, पडू नये म्हणून मफलरने स्वतःच्या कमरेला बांधून, त्यांनीच मला दवाखान्यात नेलं होतं. मी ते साफ विसरलो होतो. फॉर्म भरायला पेनही त्यांच्याकडूनच मागून घेतलं, खूण करताना ते शेजारीच होते.

तेव्हाच का बोलला नाहीत, असं विचारलं. चारचौघांत साहेबांची मान खाली जाऊ नये म्हणून, असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून झोप नाही म्हणून माझीच माफी मागायला लागले. ताई, त्या माणसाची मान खाली करायला मी फळा विकत आणला होता.

तुझाच,
टिल्लू