आडव्या रचलेल्या रेकॉर्ड्स

दादा,

तू भागीदारी मोडून नोकरी धरलीस, तरी रेकॉर्डचं दुकान उघडलं बरं का!

पहिल्याच गिऱ्हाइकाला ऐकवायला रेकॉर्ड लावली, तर सुई बेडकासारखी उड्या मारायला लागली. दुसरी लावली, तिचीही तीच तऱ्हा. ढिगातल्या तळाच्या सगळ्या रेकॉर्ड्स बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या.

घरी सांगितलं, "दादानं जाताना माल आडवा रचला, त्याची ही फळं." आईनं कपाळावर हात मारला. वहिनी खाली मान घालून बसली.

खरं तुला ठाऊक आहे. "पुस्तकांसारख्या उभ्या ठेव, नाहीतर वजनानं वाकतील," असं तू जाताना बजावलं होतंस. तू बजावलंस म्हणूनच मी त्या आडव्या रचल्या. पळून जाणाऱ्यानं वर शहाणपण शिकवावं?

आज सुतार उभे कप्पे घेऊन आला. म्हणाला, "थोरल्यांनी जायच्या आधीच सांगून ठेवले होते." कप्पे असे मापात बसले, की नावं ठेवायला जागा उरली नाही. त्याचाच जास्त राग आलाय.

हे पत्र त्यातल्याच एका कप्प्यात राहील. घरी अजून तुलाच बोल लागतोय आणि मी गप्प आहे.

तुझा,
धाकटा