बाबांच्या तेरा ओळी

४ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, खोकला गेला. वसतिगृहातली शेजारच्या खाटेवरची मुलगी घरी गेली ती परत आलीच नाही, त्यामुळे आता बोलायला खिडकीच तेवढी उरली आहे. लॅटिनच्या बाई म्हणतात, माझे उच्चार स्वच्छ आहेत, पण जिभेला घाई फार. तर्काच्या तासाला दोन विधानांवरून निष्कर्ष काढायला शिकवतात. मला ते फार आवडतं.

पाठांतराचा रविवार दहा मार्चला आहे. या वेळचं लॅटिन स्तोत्र सव्वीस ओळींचं आहे. एक ओळ मी म्हणायची, पुढची घरच्या माणसाने, असं शेवटपर्यंत. तुमच्या तेरा ओळी आपल्या अक्षरांत लिहून सोबत पाठवते आहे. गेल्या वेळी तुमच्या ओळी बाईंनी म्हटल्या. त्या चांगल्या आहेत, पण सगळे बाकांवरून माझ्याकडे बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई असताना ती इथे माझ्या शेजारी उभी राहायची. तिला कागद लागत नसे, ती याच शाळेत शिकली होती ना.

आता विधान पहिलं : जी मुलगी पाठांतराला उभी राहते, तिच्या घरचं माणूस येतं. विधान दुसरं : मी उभी राहणार आहे. निष्कर्ष तुम्ही काढा.

तुमची माझ्यावर माया आहेच, या वेळी ती बसमध्ये बसवून आणा.
तुमची,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

निष्कर्ष काढला, बाईसाहेब. येतो.

तुझा कागद कारखान्यात माझ्या समोरच्या भिंतीवर चिकटवलाय. पुस्तकाच्या पानांचे फर्मे शिवताना एका टाक्याला एक शब्द, असं चाललंय. अर्थ एका अक्षराचा कळत नाही, पण शिवणीच्या तालात बसतं. आठ ओळी झाल्या. मालक विचारत होते, खळीच्या डब्याशी काय पुटपुटतोस म्हणून. लॅटिन म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

संध्याकाळी घरी भिंतीला म्हणून दाखवतो. ती चुका काढत नाही, ही एक सोय. परवा सवयीने दोन ताटं घेतली. मग एक परत ठेवलं.

खोकल्याचं औषध अर्धवट सोडू नकोस. आहेस तशीच वटवट करत राहा.
तुझे,
बाबा

६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे. शब्दकोशांचं मोठं काम आलंय, रविवारीही कारखाना चालू आहे. मला येता येणार नाही. बाईंना सांग, त्या म्हणतील माझ्या ओळी. तुझ्यासाठी एक वही बांधली आहे, ती टपालाने पाठवतो. रागावू नकोस.
बाबा

१० मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी रागावले नाही. आधी रागावले होते, आता नाही.

बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पण मी नको म्हटलं. तुमच्या तेराही ओळी मला पाठ होत्या. खरं सांगू का, त्या मी जानेवारीतच पाठ केल्या होत्या. तुम्ही याल असं मला वाटलंच नव्हतं. तुमची ओळ आली की आवाज जाड करून म्हणत होते. दोघी जणी हसल्या.

दहाव्या ओळीला अडले. दर स्तोत्रात तिथे आई माझा हात दाबायची, ते आठवलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. तेवढ्यात मागून, दाराकडून कुणीतरी पुढचे दोन शब्द सांगितले. मग गाडी चालू झाली. उच्चार शाळेतला नव्हता. प्रत्येक शब्दानंतर थांबून, जणू सुई ओढून घेत सांगितल्यासारखे ते शब्द होते.

नंतर पहारेकऱ्याने मला तुमची वही दिली. बाबा, वेष्टनावर तिकीटही नव्हतं आणि शिक्काही नव्हता. विधानं दोन्ही माझ्याकडे आहेत. निष्कर्ष तुमच्या तोंडून ऐकायचाय.
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

निष्कर्ष बरोबर आहे. मी आलो होतो.

शब्दकोशांचं काम तुला ते पत्र लिहिण्याआधीच हातावेगळं झालं होतं, आणि रविवारी कारखाना बंदच होता. तुला थाप मारली. मग रविवारी सकाळी घरात बसवेना, म्हणून पहिली बस धरली. पण दाराशी येऊन पाय अडकले. तुझ्या शेजारची ती जागा तुझ्या आईची. तिथे मी उभा राहिलो की ती गेली हे सगळ्यांदेखत कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं. दोन वर्षं मी तेच टाळतो आहे. आणि मग तू माझा आवाज काढलास. भिंगरे, माझी मुलगी माझी वाट न बघता माझ्या ओळी म्हणत होती. मला फार लाज वाटली. वही पहारेकऱ्याकडे दिली आणि निघालो.

परतीच्या बसमध्ये तेराच्या तेरा ओळी म्हटल्या. शेजारचा माणूस उठून पुढच्या बाकावर गेला.

माफी कोणत्या तोंडाने मागू? रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा बाप

१८ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

वही फार छान झाली आहे. तिच्यात अजून काही लिहिलं नाही.

आईच्या जागेवर मला कुणालाच उभं करायचं नाही. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आई उजवीकडे उभी राहायची, तुझ्या बाबांना डावीकडे उभं कर. एवढं साधं होतं ते.

पुढचं पाठांतर जूनच्या दुसऱ्या रविवारी आहे. तुमच्या ओळी लिहून पाठवते आहे, पण या वेळी मी त्या पाठ केलेल्या नाहीत, करणारही नाही. तुमची ओळ आली की मी गप्प उभी राहीन. सगळे खोळंबतील, असं मी बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, खोळंबू देत.

तुम्ही दाराशी असलात तर दारापासून माझ्यापर्यंत एकवीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. सावकाश या. या वेळी मला घाई नाही.
तुमची,
भिंगरी