जांभळाच्या बियांची भुकटी

आबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि अजूनही बारामतीच्या कॉलेजात मी पोरांना तेच शिकवते: कुठल्या फळात, कुठल्या पानात काय असतं आणि ते माणसाच्या अंगात गेल्यावर काय करतं. आज जांभळाच्या बियांचा धडा होता. मी तो नेहमी घाईत उरकते. राग येतो मला, तुमचाच.

तुम्ही माझं कधी काही ऐकलं नाहीत. मी अन्नशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा चार माणसांत म्हणालात, "पाला वाटून ही काय दिवं लावणार हाय?" तुम्हाला मधुमेहाच्या गोळ्या सुरू करायला लावायचं म्हणून मी वर्षभर तोंडाची वाफ दवडली; शेवटी डॉक्टरांनी दम भरला तेव्हा सुरू केल्यात. मग मला कॉलेजात नोकरी लागली म्हणून, शाळा उघडल्यावर आपल्या गावी, बावड्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भाषण. तुम्ही पहिल्या रांगेत, फेटा बांधून. मी सांगतेय की जांभळाच्या बीमध्ये असे घटक असतात की भाकरी-भाताची साखर अंगात सावकाश होते, आणि तुम्ही शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसताय, "माझी लेक हाय ती."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गोळ्या बंद केल्या. वहिनी सांगते, बिया पत्र्यावर वाळवल्या, कुटल्या, रोज अनशापोटी चमचाभर भुकटी. ती गोळ्यांचं बोलली की म्हणायचात, "तुला जास्त कळतं का माझ्या पोरीला?" मला कुणी कळवलं नाही. कळलं तेव्हा पायाची जखम काळी पडली होती. आधी पाय गेला आणि दिवाळीच्या आत तुम्हीही. जन्मात एकदा माझं ऐकलंत, आणि तेही असं. दवाखान्यात मी तुमच्यावर ओरडले, गोळ्या सोडायला कुणी सांगितलं होतं? तुम्ही एवढंच म्हणालात, "तू सांगितलंस, मी केलं." तेव्हापासून दादाला, वहिनीला, डॉक्टरांना मी एकच सांगत आले, की आबांनी अर्धंच ऐकलं. सगळ्यांना ते लगेच पटलं, कारण तुमचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, दादाला तर नाहीच. आबा, 'डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत' हे वाक्य माझ्या कागदावर लिहिलेलं होतं. पण जांभळाचं सांगून झालं आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही टाळ्या वाजवायला लागलात. त्या मला थांबवाव्याशा वाटल्या नाहीत. ते वाक्य मी बोललेच नाही.